मेडिकलमध्ये लायसन अडकलं तर: ट्रकच्या नव्या ड्रायव्हरसाठी

मागच्या पावसाळ्यात एक ड्रायव्हर आमच्या ऑफिसात आला. वय ४२, बारा वर्षं दहा टायर चालवतोय. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात लायसन, दोन चष्मे, आधारची झेरॉक्स. म्हणाला, "भाऊ, आरटीओत मेडिकल फेल झालं. मालक गाडी देईना."

"फेल कशात?"

"ते नाय सांगितलं."

"लेखी काय दिलं?"

"काय नाय. एजंट म्हणतो पाच हजार दे, करून देतो."

पिशवीच्या तळाशी मेडिकलच्या फॉर्मची प्रत होती. ती उघडली आणि मला हसावं की रडावं कळेना. डॉक्टरांनी, किंवा त्यांच्या हाताखालच्या पोराने, प्रत्येक प्रश्नापुढे 'हो' टाकलं होतं. पंचवीस मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का? हो. रातांधळेपणा आहे का? हो. हॉर्न ऐकू येणार नाही इतका बहिरेपणा आहे का? हो. हातापायात व्यंग आहे का? हो. एका पानात माणूस घारीच्या नजरेचाही झाला आणि रातांधळा, बहिरा, लुळाही. त्याच दुपारी तो डॉक्टरकडे परत गेला, दुरुस्त फॉर्म घेऊन आला, आणि लायसन रिन्यू झालं. पाच हजार खिशातच राहिले.

मी वकील नाही. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कागद सांभाळतो, आणि ड्रायव्हर लोकांचे असले घोळ निस्तरण्यात दिवसाचा अर्धा वेळ जातो. त्यावरून एक गोष्ट सांगतो. मेडिकलच्या वादात शरीराचा दोष जितका असतो, तितकाच, बऱ्याचदा त्याहून जास्त, कागदाचा असतो. आणि कागदाशी कागदानेच भांडता येतं. खिडकीवर आवाज चढवून आजवर एकही लायसन सुटलेलं मी पाहिलेलं नाही.

आधी 'फिटनेस' म्हणजे कोणाचा ते ठरवा

आरटीओच्या आवारात 'फिटनेस' म्हटलं की लोकांना गाडीची पासिंग वाटते. तुमच्या स्वतःच्या तब्येतीच्या कागदाला 'मेडिकल' म्हणायचं, म्हणजे चुकीच्या रांगेत तासभर जाणार नाही.

हा मेडिकलचा कागद दोन भागांत असतो. फॉर्म १ हे तुमचं स्वतःचं घोषणापत्र. फॉर्म १-ए हे डॉक्टरचं प्रमाणपत्र. खाजगी कारवाल्याला चाळिशीपर्यंत डॉक्टरचा फॉर्म लागत नाही. ट्रान्सपोर्टच्या, म्हणजे धंद्याच्या गाडीच्या, लायसनला तो पहिल्या दिवसापासून लागतो आणि प्रत्येक रिन्यूला पुन्हा लागतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ८ आणि १५ मध्ये हे आहे. डॉक्टरही कोणताही चालत नाही, राज्य शासनाने त्या कामासाठी अधिकृत केलेला हवा. गल्लीतल्या ओळखीच्या दवाखान्यातून सही आणण्याआधी एवढं विचारून घ्या.

पहिल्यांदाच ट्रान्सपोर्टचं लायसन काढत असाल तर वय २० पूर्ण हवं, आणि हलक्या गाडीचं लायसन किमान एक वर्ष जुनं हवं. आठवी पासची जुनी अट २०१९ मध्ये गेली, तरी काही एजंट अजून तिच्या नावाने पैसे काढतात.

फॉर्ममध्ये नेमकं काय विचारतात

हे नीट वाचा, कारण पुढची सगळी भांडणं या प्रश्नांवरून होतात.

फिट (मिरगी), चक्कर किंवा अचानक शुद्ध हरपण्याचा त्रास आहे का. दिवसाउजेडी २५ मीटरवरची मोटारीची नंबरप्लेट वाचता येते का (चष्मा असेल तर चष्मा लावून). हात किंवा पाय गमावलाय का, त्यांच्या ताकदीत काही कमी आहे का. तीव्र किंवा पूर्ण रंगांधळेपणा आहे का. रातांधळेपणा आहे का. नेहमीचे हॉर्न-सिग्नल ऐकू येणार नाहीत इतका बहिरेपणा आहे का. आणि शेवटी एक झोळीसारखा प्रश्न: लोकांना धोका होईल असा दुसरा काही आजार किंवा व्यंग आहे का.

यात दोन सवलती अशा आहेत की त्या ट्रकवाल्याला मिळत नाहीत. पाच वर्षं लायसन असलेल्या माणसाचा एक डोळा नंतर गेला, तर एका डोळ्यावरही चालतं, पण ते ट्रान्सपोर्ट नसलेल्या हलक्या गाडीपुरतंच. कानाच्या मशिनची सूटही हलक्या गाडीसाठीच लिहिलेली आहे. "माझ्या मेव्हण्याला एका डोळ्यावर लायसन मिळालं" असं कोणी सांगितलं तर मेव्हणा कार चालवतो की टँकर, ते आधी विचारा.

आणि प्रश्न कसे फिरवून विचारलेत ते बघा. काहींचं चांगलं उत्तर 'हो', काहींचं 'नाही'. घाईत रकाना भरणारा हमखास इथे घसरतो. डॉक्टरच्या टेबलावरून उठण्याआधी, किंवा त्यांनी ऑनलाइन टाकण्याआधी, फॉर्म हातात घेऊन एकेक ओळ वाचा. वाचता येत नसेल तर शिकलेलं पोर सोबत न्या. डॉक्टर वैतागतील, वैतागू द्या.

मधुमेह आणि बीपी यांचं नाव घेऊन फॉर्ममध्ये वेगळा प्रश्न नाही. म्हणून ते लपवायचे असं नाही. साखर उतरून घाटात अंधारी आली, तर ते 'अचानक शुद्ध हरपणं'मध्येच मोडतं. गोळ्या चालू असतील आणि साखर काबूत असेल तर तसं डॉक्टरला सांगा, आणि तपासणीचे तारीख असलेले कागद जपून ठेवा. पुढे ते तुमच्याच कामी येतात, कसे ते चलानच्या वेळी सांगतो. लपवून लायसन काढलं आणि नंतर उघडकीला आलं, तर ते खोटी माहिती देऊन मिळवलेलं ठरतं आणि कलम १९ खाली रद्द होऊ शकतं. मग अपिलातही तोंड वर करून बोलता येत नाही.

आरटीओच्या आधी अड्ड्यावर करून बघा

पंचवीस मीटर म्हणजे साधारण तेहतीस-चौतीस पावलं. ट्रक अड्ड्यावर एखादी उभी कार बघा, नंबरप्लेट ओळखीची नको. क्लीनरला टेपचं एक टोक धरून उभं करा, नसेल तर पावलं मोजा. दोन्ही डोळ्यांनी वाचा, मग एकेक डोळा तळव्याने झाकून वाचा. तळव्याने म्हणजे बोटांच्या फटीतून नव्हे. इथे भलेभले स्वतःला फसवतात. मी पाहिलेल्या एका गड्याचा डावा डोळा मोतीबिंदूने जवळपास बंद झाला होता आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता, कारण उजवा सगळं काम ओढत होता. त्याने झाकला उजवा, आणि गप्पच झाला.

असं काही निघालं तर आरटीओत जाऊ नका, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी रुग्णालयातही होतं, चष्म्याचा नंबर तर अर्ध्या तासात निघतो. दिसत नसताना 'फिट' लिहून देणारा डॉक्टर शोधणं सोपं आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. पण माझं मत विचाराल तर न तपासता मारलेली ती सही ड्रायव्हरलाच सगळ्यात जास्त नडते. अपघात झाला की पहिला प्रश्न तुमच्या डोळ्यांवर येतो, आणि सही करणारा तेव्हा तुम्हाला ओळखही दाखवत नाही.

तारखा

ट्रान्सपोर्टच्या लायसनवर दोन मुदती असतात, एक ट्रान्सपोर्टची आणि एक नॉन-ट्रान्सपोर्टची. कार्डावर मोठी, लांबची तारीख दिसली की लोक निवांत होतात, आणि ती निघते नॉन-ट्रान्सपोर्टची. ट्रान्सपोर्टची मुदत ५ वर्षांची, २०१९ च्या दुरुस्तीआधी ती ३ होती. घातक माल नेणाऱ्या टँकरवाल्याला ३ वर्षांनी रिन्यू, शिवाय एक दिवसाचा उजळणी वर्ग.

मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो. संपल्यावर वर्षाच्या आत केला तर पुन्हा टेस्ट नाही. वर्ष उलटलं की टेस्ट पुन्हा.

आता फसण्याची जागा. पूर्वी मुदत संपल्यावरही ३० दिवस लायसन चालायचं. ही सूट २०१९ च्या दुरुस्तीत काढून टाकली. जुने ड्रायव्हर ढाब्यावर अजून "महिनाभर काय होत नाय" म्हणतात. होतं. मुदत संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही विनालायसन. कलम १८१ खाली ५,००० दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. गाडी देणाऱ्या मालकावर कलम १८० खाली तितकंच. वर विमा कंपनी तिसऱ्या माणसाला भरपाई देऊन ती मालकाकडून वसूल करायला निघू शकते. मालक गाडी देईना त्यामागे हे असतं, त्याच्यावर उगाच चिडू नका.

म्हणून निदान तीन महिने आधी मेडिकल करा. काही अडकलं तर सोडवायला वेळ हातात राहतो.

अडकलंच, तर कुठे अडकलं ते ओळखा

'मेडिकल फेल' या दोन शब्दांखाली चार वेगवेगळ्या गोष्टी येतात, आणि प्रत्येकीचं औषध निराळं.

पहिली, खिडकीवरची अडवणूक. फॉर्ममध्ये खाडाखोड, फोटो जुळत नाही, डॉक्टरचा नोंदणी क्रमांक चुकला, उत्तर चुकलं. हा नकार नाही, त्रुटी आहे. सुरुवातीला सांगितलेल्या ड्रायव्हरचं हेच झालं होतं. दुरुस्त करा, पुन्हा द्या, संपलं.

दुसरी, खरा नकार. तुम्ही धोकादायक ठराल असा आजार किंवा व्यंग आहे म्हणून लायसन देणार नाही किंवा रिन्यू करणार नाही.

तिसरी, चालू लायसनवर आलेली नोटीस. कलम १६ प्रमाणे, ड्रायव्हर आजारामुळे गाडी चालवायला लायक नाही असं मानायला सबळ कारण असेल, तर आरटीओ लायसन कधीही रद्द करू शकतं, किंवा ते टिकवायचं तर नवं मेडिकल आणा असं सांगू शकतं. अपघातानंतर किंवा कोणाच्या तक्रारीवरून असं होतं. नोटीस आली तर पिशवीत कोंबू नका. मागितलंय ते प्रमाणपत्र मुदतीत दिलं तर बहुतेक तिथेच मिटतं.

चौथी, रस्त्यावरचं चलान.

याखेरीज रिफायनरी, बंदर, मोठे कारखाने यांच्या गेटवर ड्रायव्हरची तपासणी होते आणि तिथे 'अनफिट' लिहितात. त्याचा लायसनशी संबंध नाही, त्यावर शेवटी बोलू.

नकार असेल तर: लेखी आदेश, मग तीस दिवस

कलम १७ हे ड्रायव्हरचं खरं हत्यार आहे, आणि दहातल्या नऊ ड्रायव्हरना ते माहीत नसतं. लायसन नाकारलं, रिन्यू नाकारलं किंवा रद्द केलं, तर तसा आदेश कारणांसह लेखी द्यावाच लागतो. तो हातात पडल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. अपील ऐकणाऱ्या अधिकाऱ्याने तुम्हालाही बोलायची संधी द्यायची असते.

तोंडी "होणार नाही" म्हटलं तर त्यावर अपील होत नाही. म्हणून पहिलं काम, आदेश मागणे. साध्या कागदावर चार ओळी पुरतात:

"अर्ज क्रमांक अमुक, दिनांक अमुक. माझ्या ट्रान्सपोर्ट लायसनचे नूतनीकरण वैद्यकीय कारणावरून करता येणार नाही असे मला आज तोंडी सांगण्यात आले. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १७(१) नुसार कारणांसह लेखी आदेश द्यावा, ही विनंती."

दोन प्रती करा. एक आवक खिडकीला द्या, दुसरीवर शिक्का आणि तारीख घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. खिडकीवर घेत नसतील तर रजिस्टर एडीने पाठवा. हा कागद गेला की अर्ध्या वेळा गाडी आपोआप रुळावर येते, कारण लेखी कारण द्यायची वेळ आली की जे तोंडी कारण ठोकून दिलेलं असतं, ते लिहायला कोणी धजत नाही.

माहिती अधिकारात कारण विचारू, असंही काही जण सांगतात. विचारा, पण त्याच्या भरवशावर बसू नका. माहिती अधिकाराच्या उत्तरालाही ३० दिवस असतात आणि अपिलालाही ३० दिवसच. एकाची वाट बघताना दुसरं हातचं जातं.

आदेश आला की पाकीट फेकू नका. तारीख मोजायची ती मिळाल्यापासून, आणि मिळाल्याची तारीख पाकिटावरच्या शिक्क्यावरून कळते. अपील कोणाकडे करायचं हे राज्याच्या नियमांत ठरलेलं असतं. आदेशाच्या तळाशी लिहिलेलं नसेल तर त्याच कार्यालयात लेखी विचारा.

मग नवी तपासणी. ज्या कारणावरून नाकारलं त्याच कारणाच्या तज्ज्ञाकडे जा. डोळ्याचं असेल तर नेत्रतज्ज्ञ, कानाचं असेल तर कानाचे डॉक्टर आणि ऑडिओमेट्री (ऐकण्याची मशिनवरची तपासणी), फिटचं असेल तर मेंदूविकारतज्ज्ञ. साध्या एमबीबीएसने 'फिट' लिहिलेला दुसरा कागद जोडून काही साधत नाही, तो पहिल्या कागदाच्या तोलाचाच राहतो. जमलं तर जिल्हा रुग्णालयातून तपासून घ्या. सरकारी शिक्क्याला सरकारी टेबलावर वजन असतं, हे वेगळं सांगायला नको.

अपिलात गोष्ट सांगू नका. आईच्या आजारपणाबद्दल, बँकेच्या हप्त्याबद्दल एक ओळ ठीक, जास्त नको. आदेशाचा क्रमांक आणि तारीख, तो तुम्हाला मिळाल्याची तारीख, त्यात दिलेलं कारण जसंच्या तसं, ते कारण का लागू होत नाही, सोबत जोडलेले कागद, आणि मागणी. मागणी दोन भागांत लिहा: आदेश रद्द करून लायसन रिन्यू करावं, आणि ते लगेच शक्य नसेल तर सरकारी रुग्णालयात फेरतपासणी करवून त्यावरून निर्णय द्यावा. दुसरा भाग बरेच जण विसरतात. खरं तर अधिकाऱ्याला तोच सोपा पडतो, कारण त्याला स्वतःच्या जबाबदारीवर डोळे तपासायचे नसतात.

अपील टाकलं म्हणजे लायसन जिवंत झालं असं समजू नका. निकाल लागेपर्यंत ट्रकच्या स्टिअरिंगला हात लावू नका. नाहीतर मेडिकलचा साधा वाद विनालायसनच्या गुन्ह्यावर जातो. अपिलातही हरलात आणि बाजू खरी वाटत असेल, तर पुढचा दरवाजा उच्च न्यायालयाचा. तिथे मात्र वकील लागतो.

नकारही नाही, मंजुरीही नाही, नुसता अर्ज पडून आहे, असंही होतं. तो वेगळा आजार. त्यासाठी महाराष्ट्रात लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आहे. ठरलेल्या मुदतीत सेवा दिली नाही तर त्याखाली पहिलं अपील करता येतं.

या काळात घर कसं चालवायचं? काम नुसत्या फॉर्मच्या त्रुटीत अडकलं असेल आणि हलक्या गाडीच्या लायसनची मुदत बाकी असेल, तर छोटा टेम्पो चालवता येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला सांगितलं, की हलक्या गाडीचं लायसन असलेला माणूस ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहनही चालवू शकतो, त्यासाठी वेगळा ट्रान्सपोर्टचा शेरा लागत नाही. घातक मालाची गाडी यात येत नाही. आणि डोळ्याचा किंवा फिटचा खरा दोष निघाला असेल, तर टेम्पोही नको. रस्त्याला टायर मोजता येत नाहीत.

रंगांचं एक प्रकरण

आमच्याच भागातला एक ड्रायव्हर, नाव नको. पंचविशीतला. तपासणीत ठिपक्यांच्या पुस्तकातला आकडा त्याला वाचता आला नाही. डॉक्टरने 'रंगांध' एवढा एकच शब्द लिहिला. आरटीओने नाकारलं. पोरगा खचला, म्हणाला, सिग्नल तर मला बरोबर कळतो.

इथे शब्दाचा फरक आहे. पूर्वी फॉर्ममध्ये लाल-हिरवा चटकन ओळखता येतो का, एवढाच प्रश्न होता. २४ जून २०२० च्या अधिसूचनेने केंद्राने फॉर्म १ आणि १-ए बदलले, आणि सौम्य ते मध्यम रंगदोष असलेल्यांना लायसनचा रस्ता मोकळा केला. अडसर राहिला तो तीव्र किंवा पूर्ण रंगांधळेपणाचा. म्हणजे नुसतं 'रंगांध' लिहून भागत नाही, किती ते लिहावं लागतं. ठिपक्यांचं पुस्तक दोष पकडतं, पण त्याची पायरी ठरवायला नेत्रतज्ज्ञाकडे पुढची तपासणी करावी लागते.

पोराने ती केली. अहवालात दोष सौम्य असल्याचं आणि तो तीव्र वा पूर्ण नसल्याचं स्पष्ट शब्दांत लिहून घेतलं. अर्जात अधिसूचनेची तारीख टाकली. अपिलापर्यंत जावंच लागलं नाही, फेरअर्जातच काम झालं. डॉक्टरकडून कागद घेताना कायद्यातले शब्दच त्यात यायला हवेत, ही हुशारी मी त्या पोराकडून शिकलो.

रस्त्यावर चलान फाडलं तर

तब्येतीवरून चलान होतं ते कलम १८६ खाली. पहिल्या वेळी १,००० पर्यंत, पुढच्या वेळी २,००० पर्यंत दंड. दारूचं कलम १८५, ते निराळं आणि फार जड. चलानवर कोणता आकडा आहे तो आधी वाचा.

१८६ मधला कळीचा शब्द आहे 'माहीत असताना'. आपल्याला असा आजार किंवा व्यंग आहे ज्यामुळे लोकांना धोका होईल, हे ठाऊक असूनही गाडी चालवली, तरच तो गुन्हा. नुसता चष्मा घातलेला नव्हता, डोळे लाल होते, गोळ्यांची पट्टी केबिनमध्ये सापडली, एवढ्यावर तो सिद्ध होत नाही. मघाशी म्हटलं ते तारखेचे कागद इथे कामाला येतात. मागच्या महिन्याचा साखरेचा रिपोर्ट, डॉक्टरची चिठ्ठी, चालू मुदतीचा फॉर्म १-ए, हे सगळं सांगतं की तुमच्या माहितीप्रमाणे तुम्ही ठीक होता. चष्म्याचा जोड केबिनमध्ये नेहमी दुसरा ठेवा. पहिला नेमका त्याच दिवशी सीटखाली चिरडतो.

चलान मान्य नसेल तर जागेवर भरू नका. भरलं की तडजोड झाली, प्रकरण मिटलं, आणि नंतर "मी निर्दोष होतो" म्हणायला जागा उरत नाही. शांतपणे सांगा, कोर्टात उत्तर देतो. लायसन जप्त केलं तर पोच मागा. कलम २०६ प्रमाणे ती द्यावीच लागते, आणि त्या पोचवर, तिच्यात लिहिलेल्या तारखेपर्यंत, गाडी चालवता येते. हुज्जत घालू नका, व्हिडिओ काढून टीव्हीवाल्यासारखं बोलू नका. वेळ, ठिकाण, किलोमीटरचा दगड, अधिकाऱ्याच्या छातीवरचं नाव, एवढं बिल्टीच्या (मालाच्या पावतीच्या) पाठीवर लिहून ठेवा.

लोकअदालतीत जायचा सल्ला सगळे देतात, तिथे रक्कम कमी होते म्हणून. तिथे तडजोड होते, निर्दोष ठरवत नाहीत. हजार रुपयांसाठी तीन तारखा कोण करणार, असं वाटत असेल तर बेलाशक तिथे जा, व्यवहार कळतो मला. पण तब्येतीचं चलान मान्य केल्याची नोंद पुढे कलम १६ च्या नोटिशीला निमित्त होऊ शकते, एवढं लक्षात घेऊन जा. आणखी एक मुद्दा वकिलाला सांगून ठेवा. ज्या गुन्ह्याला फक्त दंड आहे, त्याची दखल घ्यायला कोर्टाला ६ महिन्यांची मुदत आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५१४. जुनं चलान अचानक वर आलं तर तारीख मोजा.

गेटवरचं 'अनफिट'

कारखान्याच्या गेटवर बीपी १७० भरलं म्हणून गाडी परत पाठवली, अशी हकिगत दर आठवड्याला ऐकतो. रात्रभर गाडी हाकून, दोन कटिंग आणि तंबाखू घेऊन मशिनला हात लावला तर आणखी काय भरणार? अर्धा तास सावलीत बसा, पाणी प्या, लघवीला जाऊन या, मग पुन्हा मोजायची विनंती करा. तरीही तेवढंच भरलं तर तो गेटचा दोष नाही, खरंच डॉक्टरकडे जा.

तिथला रिपोर्ट मात्र मागून घ्या. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत त्याचे कागद द्यावेत, असं डॉक्टरांच्या २००२ च्या आचारनियमांत आहे. त्या कागदावर तज्ज्ञाचं मत घेऊन ठेकेदारामार्फत फेरतपासणी मागता येते. गेटवरच्या शेऱ्याने लायसन रद्द होत नाही, आणि त्यावर कलम १७ चं अपीलही नसतं.

एसटी, महापालिका किंवा सरकारी खात्यात ड्रायव्हर असाल तर तुमची बाजू खाजगीवाल्यापेक्षा भक्कम. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ चं कलम २०(४) सांगतं, की नोकरीत असताना व्यंग आलं म्हणून काढता येत नाही, दुसरं काम द्यायचं, पगार तोच. तेलंगणच्या एसटीतल्या एका रंगांध ड्रायव्हरला घरी बसवलं होतं, त्याला पर्यायी काम द्या असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितलं. मेडिकल बोर्डाने अनफिट ठरवलं की राजीनाम्याच्या कागदावर सही मागणारे भेटतात. सही करू नका, पर्यायी कामाचा अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

जिंकल्यावर

आदेश तुमच्या बाजूने लागला तरी संगणकात नोंद बदलेलच असं नाही. सारथी या सरकारी लायसनच्या वेबसाइटवर लायसन क्रमांक टाकून ट्रान्सपोर्टची मुदत स्वतः बघा, डिजिलॉकरमधलं लायसन ताजं करून घ्या. नाक्यावरचा अधिकारी तुमचा आदेश वाचत बसत नाही, तो मोबाइलवर क्रमांक टाकतो. तिथे जुनी तारीख दिसली तर गाडी तिथेच उभी. नोंद बदलली नसेल तर आदेशाची प्रत जोडून पुन्हा एक अर्ज, पुन्हा एक पोच. नोंद दिसली की तिचा प्रिंट मालकाला द्या, आणि मगच किल्ली मागा.